पाय टेकण्याआधी

बसच्या थांब्यावर जाहिरातीचा एक उभा पडदा होता. साबण, मग विमा, मग घड्याळ, अशी चित्रं त्याच्यावर आळीपाळीने सरकत राहायची, आणि सुताराने आजवर तिकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी रंध्याचं नवं पातं कागदात गुंडाळून तो बसची वाट बघत उभा होता, आणि घड्याळ गेलं नि तिथे एक पाय आला. नुसता पाय, घोट्याच्या जरा वरपासून, बोटं उघडी ठेवणारा पट्ट्याचा बूट घातलेला. तो पुढे आला, खाली जायला लागला आणि जमिनीच्या चार बोटं वर थांबला. थांबला म्हणजे अडला नाही, नुसता राहिला. मग टेकला. लगेच साबण आला. बसही आली. मागचा माणूस ‘‘चला हो काका, चढा’’ म्हणाला, तशी सुताराने बाजूला होऊन त्याला वाट दिली आणि तो पडद्यासमोर उभाच राहिला. साबण, विमा, घड्याळ, पाय. त्याने तो पाय सात वेळा पाहिला. तेवढ्यात तीन बसेस गेल्या.

पाय त्याच्या बायकोचा नव्हता, हे दिसत होतं. टाच बारीक होती, कातडी कोवळी होती, आणि लहानपणी इस्त्री पडून बायकोच्या अंगठ्याला आलेला खळगा तिथे नव्हता. पण थांबणं तिचं होतं. जिन्यावर कोण चढतंय हे दार न उघडताही घरातल्या माणसाला कळतं, तसं त्याला ते कळलं. ती जाऊन चौदा महिने झाले होते. तिचे कपडे मेव्हणीने नेले, चष्मा खणात राहिला, आणि हे थांबणं तिच्याबरोबरच गेलं असं तो धरून चालला होता. खरं तर ते गेलेलंच बरं, असंही त्याला वाटायचं. कारण त्याने ते शेवटचं पाहिलं ते तिच्या नाचाच्या हॉलमध्ये नव्हे, इस्पितळात. ऑपरेशनची सकाळ होती. तिला न्यायला चाकाची गाडी आली होती. ती पलंगाच्या कडेला बसली, पाय खाली सोडले, आणि उजवा पाय फरशीला लागायच्या आधी चार बोटं वर राहिला. तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर काय आहे हे त्याला कळेना, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, ‘‘चप्पल देऊ का?’’ तिचा पाय टेकला, ती गाडीवर बसली, गेली आणि परत आली नाही. पुढे कधीतरी, घरी एकटा जेवताना, त्याला वाटलं की आपल्याला कळलं. ती घाबरली होती. नवऱ्याने हात धरावा, दोन शब्द बोलावेत म्हणून बघत होती, आणि नवऱ्याने चप्पल विचारली. तेव्हापासून बायको आठवायला गेलं की तोच चेहरा आधी यायचा, आणि तो आला की सुतार डोळे मिटून घ्यायचा. तेवीस वर्षांचा संसार त्या एका चेहऱ्यामागे अडकून पडला होता. ती खरंच घाबरली होती का, एवढंच त्याला हवं होतं. पण ते विचारायचं कुणाला? ज्या माणसाला विचारायचं तेच माणूस गेलं होतं.

तो कामावर गेला नाही. तडक मेव्हणीच्या चष्म्याच्या दुकानात गेला. ती कुणा म्हाताऱ्याच्या नाकावर फ्रेम बसवत होती. सुताराला बघून म्हणाली, ‘‘बसा भावोजी, यांचं नाक सरळ करते आणि येते.’’ म्हातारा हसला. तो गेल्यावर ती गल्ल्याच्या मागून बाहेर आली आणि सुताराचं तोंड बघून तिने ओळखलं. ‘‘बघितलात ना? मी चार महिने सांगतेय. पण तुम्ही म्हणजे पालथा घडा. हॉलचं नाव काढलं की उठून पाणी प्यायला जाता.’’

‘‘कुणाचा पाय आहे तो?’’

‘‘आहे एक मुलगी. आपला हॉलचा नाच मोठ्या थिएटरात लावतायत ना, तिथल्या मॅडमनी आणलेली, शिकलेली नाचणारी. ताईला तिने कधी बघितलंही नाही.’’

‘‘मग हे कुठून आलं तिच्या पायात?’’

‘‘आता ते मला विचारता?’’ मेव्हणी म्हणाली. ‘‘जाहिरात आपल्या हॉलमध्येच घेतली. तिला उभी केली तुमच्या त्या फळीवर.’’

ती फळी. मोटारींच्या गॅरेजच्या वरची ती लांब खोली बोटवाल्याने भाड्याने घेतली तेव्हा तिच्यात नुसतं सिमेंट होतं, आणि त्यावर लाकडाची जमीन घालायचं काम सुताराकडे आलं. बोटवाला म्हणजे जन्मभर बोटींवर भटारखान्यात काम केलेला माणूस. दूरच्या बंदरांत उतरायचा, तिथले लोक सालसा नाचायचे, रुंबा नाचायचे, ते बघत बसायचा, आणि म्हातारपणी गावी येऊन त्याने तेच शिकवायला घेतलं. सुतार फळ्या ठोकत होता, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. काम करताना दोन खिळे ओठांत धरायची त्याची सवय होती, फळी सरकवली की एका हाताने दाबायची आणि तोंडातले खिळे काढून ठोकायचे. शेवटच्या ओळीतली फळी बसवताना बायको डबा घेऊन आली. तोंडात खिळे घेऊन बायकोशी बोलता येत नाही. त्याने ते काढले, खिशात टाकले, आणि दोघं खिडकीत बसून जेवली, बोलली, हसली. संध्याकाळी घरी सदरा काढताना खिशात ते दोन खिळे वाजले. उद्या जाऊन ठोकू, असं तो म्हणाला. पण उद्या गुरुवार होता, आणि पहिला वर्ग होता, आणि बोटवाल्याने सगळ्यांना धरून नाचायला उभं केलं, सुताराच्या बायकोलाही. ‘‘एक-दोन-तीन, पाच-सहा-सात,’’ तो मोजायचा. ‘‘चार कुणी म्हणायचा नाही. आठ कुणी म्हणायचा नाही. ते पोटात ठेवायचे.’’ ती गोल फिरत शेवटच्या ओळीतल्या फळीवर आली, तिच्या टाचेखाली फळीचं टोक हललं, आणि पुढच्या खेपेला त्याच जागी आल्यावर चारच्या पोटात तिचा पाय चार बोटं वर राहिला. वाद्यं थांबली नाहीत. पाचला पाय बरोबर टेकला. बोटवाल्याने मोजणं सोडून तिच्याकडे बघितलं आणि टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी सुतार हातोडी घेऊन निघाला तर ती दारात आडवी. ‘‘ठोकाल तर याद राखा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना? माझं उलटं आहे. अंगण वाकडं आहे म्हणून मला नाचता आलं.’’

मग ते राहूनच गेलं. दर गुरुवारी पाच ते सात नाच व्हायचा. आठ जोडपी गोल करायची, तोंडं आत, पाठी बाहेर. बोटवाला मधूनच ओरडायचा, तसे जोडीदार बदलायचे, कुणी चुकायचं, भलत्याचाच हात धरायचं. भिंतीलगतच्या बाकांवर घरची माणसं बसलेली असायची, कुणाची सासू, कुणाचा नवरा, आणि त्यांचं तोंड बंद नसायचं. ‘‘अहो, उजवा म्हणजे जेवायचा!’’ ‘‘सोड तिला आता, बदली झाली!’’ एखादं गाणं अकरा मिनिटं चालायचं, कारण मध्येच बाकावरचं कुणी उठून गोलात शिरायचं आणि त्याची पाळी झाल्याशिवाय वाजवणारे थांबायचे नाहीत. आणि जी जी बाई त्या फळीवर यायची ती ती चारवर थांबायची, आधी नाइलाजाने, मग सवयीने, मग हौसेने. थांबणं असं एकेका बाईकडून गोलात फिरत राहायचं. सुतार त्या फळीजवळच्या बाकावरच बसायचा. बसवणाऱ्याची नजर फळीवर हवी, असं म्हणायचा. खरी गोष्ट अशी की स्वतःची चूक लोक नाचतायत हे बघून त्याला लाज आणि आनंद यांतलं नक्की काय होतंय ते कळायचं नाही, आणि ते कळेपर्यंत बसावं म्हणून तो बसून राहायचा.

‘‘तालमीला या,’’ मेव्हणी म्हणाली. ‘‘माझ्यासाठी नको. काहीतरी बिघडलंय आणि आम्हाला कुणालाच सांगता येत नाहीये.’’

मोठ्या थिएटरच्या तालीमखान्यात एक अख्खी भिंत आरशाची होती. जमीन अशी की सुताराने वाकून हात फिरवला; एका फळीला दुसरीपासून केसाचंही अंतर नव्हतं. कुणी बसवली असेल त्याचा हात त्याला बघायचा होता. आठ बायका, आठ पुरुष. निम्मे हॉलचे, निम्मे मॅडमचे. मॅडम चाळिशीची, आवाज बसलेली बाई होती. तिने गोल उघडून अर्धचंद्र केला होता, सगळ्यांची तोंडं बाहेर, जिथे प्रेक्षक बसतील तिकडे. अकरा मिनिटांची चार झाली होती. ताल वाढवला होता, जोडीदारांची अदलाबदल काढून टाकली होती, दोन जागी बायकांना उचलून फिरवायचं होतं. आणि तो चारवरचा थांबा, जो हॉलमध्ये एकेकीचा यायचा, तो आता आठही जणींचा एकदम, चार मिनिटांत सात वेळा. सुताराच्या हातात कुणीतरी कार्यक्रमाचं पत्रक दिलं. त्यात छापलं होतं की हा थांबा फार जुना, किनाऱ्यावरच्या लोकांकडून आलेला, लाट पायाखालून जाऊ द्यायची चाल आहे. त्याने ते दोनदा वाचलं. त्याच्या अंगाची लाही व्हायला हवी होती, पण त्याला हसूच आलं, आणि हसू आलं म्हणून मग वाईट वाटलं.

मेव्हणी पाणी प्यायला जवळ आली. तो हळूच म्हणाला, ‘‘काय होतं आणि काय करून ठेवलंय.’’

‘‘का? बोटवाल्याने तरी कुठे जसाच्या तसा आणला होता?’’ ती घाम पुसत म्हणाली. ‘‘बंदरात तासभर बघायचा, पुढे आठ महिने भांडी घासता घासता आठवत राहायचा. निम्मा विसरला, निम्मा आपल्याला शिकवला. कमरेचं तर सगळं गाळूनच टाकलं, बाकावरच्या सासवांना चालायचं नाही म्हणून. तिथला माणूस आपल्या हॉलमध्ये आला असता तर त्याने कपाळाला हातच लावला असता. हजार माणसं अंधारात लांब बसणार, भावोजी. त्यांना काय, पाठ दाखवायची?’’

पुन्हा नाच सुरू झाला. सगळं जागच्या जागी होतं. मॅडम मोजत होती, ‘‘तीन, थांब, पाच.’’ आठ पाय वर आले, आठ पाय थांबले, आठ खाली गेले, आणि सुताराला काहीही झालं नाही. बसच्या थांब्यावर एका चित्रातल्या पायाने त्याला मुळापासून हलवलं होतं, आणि इथे आठ जिवंत पाय नळावर धरलेल्या बादल्यांसारखे दिसत होते. मॅडमनेही वाद्यं बंद केली, डोळ्यांवर तळवे दाबले. तिलाही दिसत होतं. सुतार उठून पुढे कधी गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

‘‘तुम्ही त्यांना थांबायला सांगताय,’’ तो म्हणाला. ‘‘ती कधी ठरवून थांबली नाही.’’

‘‘कोण ती?’’

‘‘माझी बायको.’’ आरशात सोळा माणसं त्याच्याकडे बघत होती. ‘‘हे लाटांचं वगैरे काही नाही, मॅडम. फळी हलायची. दोन खिळे मारायचे राहिले होते. माझ्याकडून.’’

एवढं बोलल्यावर त्याचे कान गरम झाले. चाळीस वर्षांत कुणा गिऱ्हाइकापुढे त्याने आपली चूक अशी मांडली नव्हती. मॅडम हसली नाही. तिने विचारलं, ‘‘कशी हलायची? पुढे की मागे? किती?’’ त्याने तळहात पसरून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘इथे तशी करता येईल?’’

‘‘आयुष्यभर फळ्या घट्ट बसवल्या मी.’’

‘‘म्हणून तर तुम्हालाच विचारतेय. सैल कुणीही करेल.’’

दोन दिवस त्याने घरी पातळ फळ्यांवर रंधा मारला. मग त्याने थिएटरच्या त्या सुंदर जमिनीला धक्का न लावता तिच्यावर पातळ फळ्यांची दुसरी जमीन घातली, आणि आठ जागी, आठ बायकांच्या पायांखाली, टोकाचे खिळे मारलेच नाहीत. हात ऐकेना. दर वेळी बोटं आपणहून ओठांकडे जायची. काम झाल्यावर बायका नाचल्या, आणि सगळ्या सातही वेळा अडखळल्या. एकीचा घोटा मुरगळायचा थोडक्यात वाचला. दुसऱ्या दिवशी त्यांना अंदाज आला, त्या फळीवर जपून पाय टाकू लागल्या, आणि ते तर मोजण्याहूनही वाईट दिसायला लागलं. सुतार भिंतीला टेकून बसला. काय चुकतंय? फळी तशीच, उतार तसाच. तिसऱ्या दिवशी त्याला आठवलं की हॉलमधली फळी रोज हलायची नाही. पावसाळ्यात लाकूड फुगायचं आणि ती महिनाभर दगडासारखी बसायची. उन्हाळ्यात करकरायची. आदल्या नाचात कुणी जाड माणूस तिच्यावर उभा राहिला असेल तर ती दबून राहायची, मग अचानक उठायची. वर्षानुवर्षं बायको त्या फळीवर नाचली, आणि आज फळी हलणार आहे की नाही हे तिला एकदाही माहीत नव्हतं. तिचा पाय वर राहायचा तो घाबरून नव्हे आणि दिसायला छान म्हणूनही नव्हे. तो फळीला विचारायचा.

एवढं समजल्यावर काम सोपं झालं. रोज सकाळी तालमीआधी एक तास तो एकटा यायचा, काही फळ्यांना खिळे मारायचा, काहींचे काढायचा. कधी तीन सैल, कधी सहा, एकदा एकही नाही. कुणाला सांगायचा नाही. मेव्हणी खोदून खोदून विचारायची, ‘‘निदान माझी तरी सांगा! नात्याचा काही उपयोग आहे की नाही?’’ तो म्हणायचा, ‘‘पायाला विचार.’’ ती म्हणायची, ‘‘ताईने तुमच्यासोबत दिवस कसे काढले तेच कळत नाही.’’ पहिला आठवडा शिव्या खाण्यात गेला. दुसऱ्यात बायका खाली बघायच्या बंद झाल्या. तिसऱ्यात मॅडमने मोजणं बंद केलं, कारण गरज उरली नाही. पण सुतार त्या तासाभरापुरताच थांबायचा. तालीम सुरू व्हायच्या आधी हत्यारं गोळा करून निघून जायचा. मेव्हणी रोज ‘‘बसा की’’ म्हणायची, आणि रोज त्याला कुठेतरी जायचं असायचं. शेवटच्या दिवशी त्याने वरची जमीन उचलून नेली. खाली ती केसाचंही अंतर नसलेली जमीन होती तशी होती. रंगमंचावरही तशीच असणार होती. त्याला धाकधूक वाटली. घट्ट जमिनीवर पाय कशाला विचारतील?

प्रयोग रविवारी दुपारी चार वाजता होता. अकराशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या, आणि पाचव्या रांगेत मधोमध मेव्हणीने त्याला जागा धरून दिली होती. त्याच्या शेजारी उजवीकडे एक तरुण जोडपं आणि डावीकडे काठी घेतलेल्या एक आजी. कुणीही कुणाच्या ओळखीचं नव्हतं. दिवे गेले तशी सगळी माणसं गप्प झाली, आणि त्याला ते फार चमत्कारिक वाटलं, की इतकी माणसं जवळ असून कुणी कुणाला चिडवत नाहीये. पडदा वर गेला. दोन लाकडी काठ्यांचा तो परिचित ठोका आला, मग ढोल, मग तुतारी. आठ जोडपी अर्धचंद्रात आली, तोंडं बाहेर. बायकांच्या अंगावर चकाकणारे पोशाख होते. मेव्हणीला त्याने आधी ओळखलंच नाही.

एक-दोन-तीन. आणि आठ पाय वर राहिले.

अकराशे माणसांचा श्वास अडकल्याचा आवाज होतो, हे त्याला माहीत नव्हतं. आवाज नव्हे, आवाज निघून गेल्यासारखं काहीतरी. शेजारच्या आजींनी काठी मुठीत धरली. पण सुतार पायांकडे बघतच नव्हता. त्याला एकदम कळलं होतं की आपण हे आजवर फक्त पाठीमागून बघितलंय. तो बाक, ती फळी, गोलात आत वळलेली तोंडं. त्या जागेवर ती आली की त्याच्या वाट्याला तिची पाठ यायची. खांद्याची हाडं जवळ आली की थांबणार, हे त्याला ठाऊक होतं. समोरून तिला बघायच्या त्या दुसऱ्या बायका. आणि आता हजार परक्या माणसांना दिसावं म्हणून कुणीतरी तो गोल फोडून बाहेर वळवला होता, आणि त्या परक्यांत बसून तो पहिल्यांदा समोरून बघत होता. आठ चेहरे. मेव्हणीचा, हॉलला नाचायला येणाऱ्या पोस्टातल्या बाईचा, त्या जाहिरातीतल्या मुलीचा, जिने त्याच्या बायकोला कधी बघितलंही नव्हतं. आठही चेहरे वेगवेगळे होते आणि त्या अर्ध्या क्षणात एकच झाले होते. भुवया जरा उचललेल्या. ओठ जरासे सुटलेले. नजर समोर, पण समोरच्याकडे काहीही न मागणारी. उत्तर हो आलं तरी चालेल, नाही आलं तरी पाय टाकायचाच आहे, असा भाव.

तो चेहरा त्याने पाहिला होता. पलंगाच्या कडेला.

पाय टेकले. लोकांनी श्वास सोडला. कुणीतरी मागे ‘‘वा!’’ म्हणालं. सुताराने पुन्हा मनाशी तपासून पाहिलं, कारण सुतार एकदा माप घेऊन फळी कापत नाही. भीती नव्हती का त्यात? असेलही, थोडी. शपथेवर सांगता येणार नाही. पण ती त्याच्याकडे काही मागत नव्हती. तो काय बोलतो याची वाट बघत नव्हती. तिने वाकड्या अंगणावर जन्मभर जे केलं तेच, त्या परक्या फरशीवर, कुणी न शिकवता, कुणासाठी न नाचता केलं होतं. आणि ते समोरून बघायला या जगात एकच माणूस हजर होता, आणि तो हा. एवढी मोठी गोष्ट आपल्याला दाखवली गेली होती आणि आपण इतके महिने डोळे मिटून बसलो होतो, हे लक्षात येऊन तो थक्क झाला. नुसता थक्क. रडायचंही त्याला सुचलं नाही.

आजी त्याच्याकडे वाकून कुजबुजल्या, ‘‘तुमचं कोणी आहे का हो यात?’’

‘‘आहे,’’ तो म्हणाला.

‘‘कोणती?’’

रंगमंचावर जोडपी फिरत होती, तुतारी चढत होती. अजून सहा वेळा तो चेहरा येणार होता. सुतार खुर्चीच्या कडेला सरकला आणि डोळे उघडे ठेवून म्हणाला, ‘‘थांबा, आता येईल.’’